कुणी सांगितलं?

समाजशास्त्रज्ञ मंडळी पूर्वी अभ्यासासाठी खेड्यात जाऊन राहत. चावडीवर बसत, पाणवठ्यावरच्या गप्पा ऐकत, लग्नाला आणि मयताला हजेरी लावत आणि मग त्या गावावर पुस्तक लिहीत. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या 'रामपुरा' गावाचा असाच अभ्यास केला, तो आजही नावाजला जातो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या मंडळींना एक नवे गाव सापडले आहे. त्याला वेस नाही, पाणवठा नाही, पण चावडी आहे आणि ती चोवीस तास भरलेली असते. तुम्ही-आम्ही सगळे त्या गावचे रहिवासी. सकाळी उठल्याबरोबर कोण कुणाला काय पाठवतो, कशावर विश्वास ठेवतो, खोटे आहे हे कळूनही गप्प का बसतो, याच्या नोंदी आता जगभरची विद्यापीठे ठेवू लागली आहेत.

मी शाळेत इतिहास शिकवला, समाजशास्त्र नव्हे. बी. ए. मराठी माध्यमातून झालेले, त्यामुळे इंग्रजी शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, तेव्हा वाचतो. पण हे वाचन निव्वळ वेळ घालवण्यासाठी नाही. यातला एक प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पाच माणसांच्या जिवावर बेतला. म्हणून हा लेखनप्रपंच.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावचा आठवडी बाजार. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षा मागायला तिकडे आले होते. त्याआधी कित्येक दिवस परिसरातल्या मोबाइलांवर 'मुले पळवणारी टोळी फिरते आहे' असे संदेश आणि चित्रफिती फिरत होत्या. या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे कोंडून ठार मारले. पाचही जण गेले. त्यांच्यापैकी कुणीही मूल पळवलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच निदान ऐकू आले. मोबाइलने मारले. व्हॉट्सॲपने मारले. निदान सोपे होते. पण इतिहासाच्या मास्तराला सोप्या निदानाची थोडी भीती वाटते. तो आधी विचारतो, हे यंत्र नव्हते तेव्हा काय होत होते?

आपण मागे जाऊ या. जुलै १९७९. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे. अमेरिकेची 'स्कायलॅब' ही सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा आकाशातून कोसळणार, ही बातमी खरीच होती. ती कुठे कोसळणार हे मात्र कुणालाच नेमके सांगता येत नव्हते. बस्स, तेवढी फट पुरेशी होती. आमच्या किनाऱ्यावर ती अलिबागवर पडणार, मुरुडवर पडणार, समुद्रात पडून लाट येणार, असे रोज नवे ठरत होते. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. वर्गात मुले कमी दिसू लागली. मरायचेच तर खाऊन मरू, म्हणून लोकांनी खुराड्यातल्या कोंबड्या कापल्या. एका घरात पुढच्या वर्षाच्या बेण्यासाठी ठेवलेले भातसुद्धा कांडून खाल्ले. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. कोंबड्या मात्र गेल्या त्या गेल्याच! गावात तेव्हा टेलिफोन एक, तोही पोस्टात.

पुढे २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो! तेव्हा टेलिफोन पूर्वीपेक्षा वाढले होते, पण मोबाइल जवळजवळ नव्हताच. तरीही सकाळी दिल्लीकडे सुरू झालेली गोष्ट दुपारपर्यंत देशभर आणि संध्याकाळपर्यंत परदेशातल्या देवळांपर्यंत पोहोचली. त्यात कुणाचे वाईट झाले नाही, म्हणून आज आपण हसून सांगतो. पण २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लाट येते आहे, धरण फुटले आहे अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली. तेव्हाही व्हॉट्सॲप जन्माला यायचे होते.

आणखी मागे जायचे तर १८९६ च्या मुंबईत जाऊ. प्लेगची साथ होती. आर्थर रोडच्या इस्पितळात रोग्यांना मुद्दाम मारतात, त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' नावाचे औषध काढतात, असे लोक खात्रीने बोलत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा तर वीजसुद्धा श्रीमंतांची चैन होती.

तेव्हा अफवा यंत्राने जन्माला घातलेली नाही, हे नक्की. यंत्राने तिला चाके दिली, हेही नक्की. पण तिला गर्भ कुठे मिळतो?

या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर शोध एका भारतीयाने घेतला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर बिहारमधले मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी एक वेगळेच काम केले. लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा त्यांनी जमवल्या. पाटण्याला मोठे वादळ होणार, नेपाळच्या सरहद्दीवरून पुराचा लोंढा येतो आहे, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, तेवीस जानेवारी हा घातवार आहे. त्यांचा लेख १९३५ साली ब्रिटनच्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला.

पुढे अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने तो लेख वाचला आणि तो एका गोष्टीपाशी अडला. या अफवा जिथे फिरल्या तिथे भूकंपाचा धक्का जोरात बसला होता, पण नुकसान मात्र झाले नव्हते. मग आधीच घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवत होती? भीती कमी व्हावी असे वाटत असताना ती वाढवणाऱ्या गोष्टी का सांगाव्यात? फेस्टिंगरचे उत्तर असे की भीती आधी येते आणि कारण मागाहून. जमीन हादरल्याने मनात भीती भरली, पण डोळ्यांसमोर तर सगळे जागच्या जागी उभे! मग ही भीती वेडेपणाची ठरू नये म्हणून मन तिला साजेसे संकट शोधू लागते. अफवा ते संकट पुरवते. याच विचारातून त्याचा प्रसिद्ध सिद्धांत उभा राहिला आणि १९५७ साली पुस्तकरूपाने आला. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की माणूस त्या ओढूनताणून जुळवतो, असे त्याचे सार. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या या सिद्धांताची एक मुळी बिहारच्या मातीत आहे.

याला दुजोराही भारतातूनच मिळाला. १९५० साली दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी हानी झाली. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या लोकांचे बोलणे नोंदवले. ज्यांनी संकट प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्या बोलण्यात आणखी भयंकर भाकिते आढळली नाहीत.

हे वाचताना मला आमचे निसर्ग वादळ आठवले. ३ जून २०२० च्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर या भागात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद होते. ज्यांचे छप्पर गेले होते त्यांच्या तोंडी अफवा जवळजवळ नव्हत्या. ते ताडपत्री कुठे मिळेल एवढेच विचारत. अफवा होत्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे. गावाशी संपर्क तुटलेला, जीव टांगणीला लागलेला, हातात फोन चालू. मग कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या वादळातल्या लाटेची चित्रफीत 'आपला किनारा' म्हणून फिरली. पाठवणारे वाईट नव्हते. काळजीत होते. काळजीला काहीतरी धरायला हवे होते.

पण काळजी एवढेच कारण असते, तर राईनपाड्याचे कोडे सुटले नसते. काळजी पोटच्या मुलांची होती हे मान्य. मग ती नेमकी त्या पाच जणांवरच का कोसळली?

१९४७ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अफवेवर एक पुस्तक लिहिले. त्यांचा प्रयोग आपल्या 'कानगोष्टी'सारखाच होता. एकाला चित्र दाखवायचे, त्याने दुसऱ्याला वर्णन सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांतून जाताना सुमारे ७० टक्के तपशील गळून पडत. गळणे समजू शकते. पण काही तपशील जागा बदलत! एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाच्या हातात वस्तरा होता आणि त्याच्यासमोर एक काळा माणूस उभा होता. कानगोष्ट पुढे जाता जाता तो वस्तरा अनेकदा काळ्या माणसाच्या हातात जाई. सांगणाऱ्यांपैकी कुणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते. वस्तरा जिथे 'असायला हवा' असे मनाला वाटत होते, तिथे तो आपोआप गेला.

राईनपाड्यात हेच झाले. तो वस्तरा भटक्यांच्या हातात गेला.

राईनपाड्यानंतर आणि देशात इतरत्र झालेल्या अशाच हत्यांनंतर कंपनीवर सरकारचा आणि लोकांचा दबाव आला. जुलै २०१८ मध्ये तिने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असे केले, २०१९ च्या जानेवारीत हा नियम जगभर आला, आणि एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. शिवाय तिने जगभरच्या संशोधकांना या प्रश्नाच्या अभ्यासासाठी पैसे दिले. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत फिरून लोकांशी बोलून अहवाल तयार केला. तो २०१९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला.

माझ्यासारख्या शिक्षकाला हा अहवाल झोंबतो. कारण आपली सगळ्यांची ठाम समजूत अशी की अडाणी माणूस अफवेला फसतो, शिकला की सुटतो. अहवाल सांगतो, तसे नाही. असे संदेश हिरिरीने पसरवणाऱ्यांत फोन उत्तम वापरता येणारे, शिकलेले, समाजात बरे स्थान असलेले पुरुष ठळकपणे दिसतात. अनेकांना संदेश खोटा असावा अशी शंकाही असते. तरी तो पुढे जातो, कारण तो ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याविषयी मनात आधीच अढी असते. 'हे खोटे असेलही, पण ही माणसे असतातच तशी!' फसलेल्या माणसाला शिकवता येते. ज्याला फसायचेच आहे त्याचे काय करायचे?

मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती तेव्हा देशभर फिरत होत्या, त्यातली एक तर मुळात मुलांच्या सुरक्षेसाठी कराचीत बनवलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, आणि शेवटी तेच मूल परत आणून ठेवतात व पालकांनी सावध राहावे असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापून टाकला. मूल परत येते तेवढेच कापले. कात्री चालवणारा एकच असेल, पण पाहणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांनी विचारले की ही कुठली गल्ली, कुठले मूल, कुठल्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे?

आता इतिहासाकडे पुन्हा वळतो, कारण अढी आभाळातून पडत नाही. भटक्या माणसाविषयीचा संशय आपल्याकडे जुना आहेच, पण १८७१ साली इंग्रज सरकारने त्याला कायद्याचे रूप दिले. काही जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे हा कायदा देशभर पसरला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी. नाथपंथी डवरी गोसावी हे भिक्षेकरी भटके. पण संशयाला जातीजमातींचे बारकावे कळत नाहीत. पाल ठोकून राहणारा, गाव नसलेला, तो चोर, एवढेच त्याला ठाऊक.

माझ्या लहानपणी भात झोडून झाले की आमच्या आळीत अशी माणसे यायची. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले, कडकलक्ष्मी, बहुरूपी, डोंबारी, गोसावी. आम्ही मुले त्यांना घाबरायचो, हे खरे. 'गप्प बस, नाहीतर गोसाव्याच्या झोळीत घालीन' असे घरोघरच्या आया सांगायच्याच. म्हणजे मुले पळवण्याची अफवा झोळीबरोबर तेव्हाही फिरत होती. पण तीच आई त्याच गोसाव्याला सुपातून तांदूळ घालायची आणि विचारायची, "गेल्या वर्षी तुमच्याबरोबर म्हातारे बुवा होते, ते का नाही आले यंदा?" ओळख होती. भीती आणि ओळख शेजारी शेजारी नांदत. मला वाटते, ओळख होती म्हणून भीती मर्यादेत राहत असे. आता आमच्याकडेही वाड्यांना कुंपणे आली, फाटकांना कुलपे आली. भिक्षेकरी आला तर खिडकीतूनच हात हलवून पुढे जा म्हणतो. ओळख गेली आणि भीती तेवढी उरली. मोबाइलने या उरलेल्या भीतीचे पीक काढले.

आणि हे राईनपाड्यावर थांबले नाही. १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती. सुदैवाने ते वाचले. तोपर्यंत पाच ठिकाणांचा नियम येऊन चार वर्षे झाली होती.

मग उपाय काय? हाही प्रश्न संशोधकांनी हातात घेतला आहे आणि इथे मला जरा उजेड दिसतो.

सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांवर एक प्रयोग केला. काहींच्या घरी जाऊन त्यांना खोटी माहिती कशी ओळखावी हे समोर बसून तासभर शिकवले. परिणाम? एकंदरीत जवळजवळ शून्य. पक्षाचे अभिमानी असलेल्या काही लोकांत तर उलटाच. एका तासाच्या उपदेशाने माणूस बदलत नाही, हे सांगायला खरे तर कोणताही शाळामास्तर पुरेसा आहे! पण सिद्ध करून दाखवणे वेगळे.

दुसऱ्या एका प्रयोगात बद्रीनाथन आणि सायमन शोशार यांनी पाहिले की गटात खोटा संदेश आला आणि त्याखाली गटातल्याच कुणी 'मला नाही हे खरे वाटत' एवढे लिहिले तर काय होते. त्या संदेशावरचा विश्वास कमी झाला. आणि गंमत म्हणजे, त्या दुरुस्तीला पुरावा जोडला की नाही, मोठ्या संस्थेचे नाव दिले की नाही, याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी बोलले, हे महत्त्वाचे. बीबीसीने २०१८ साली भारतात केलेल्या अभ्यासातही याची दुसरी बाजू दिसली होती. लोक संदेश कुठून उगम पावला हे बघत नाहीत, तो आपल्याला कुणी पाठवला हे बघतात. विश्वास माणसावर असतो. म्हणून तो मोडायचा तर माणसानेच मोडावा लागतो, तोही आपल्यातल्या.

राईनपाड्याच्या त्याच दिवशी रात्री मालेगावातही असाच जमाव एका कुटुंबाभोवती जमला होता. पाच माणसे, त्यात दोन वर्षांचे मूल. संशय तोच. तिथे काही स्थानिक मंडळी आणि पोलीस मध्ये उभे राहिले आणि पाचही जण जिवंत बाहेर पडले. दोन्ही ठिकाणी अफवा तीच, फोन तेच, दिवस तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी जमावाला अडवणारी माणसे वेळेवर उभी राहिली.

आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर मागे एकदा असाच संदेश आला. 'खाडीपलीकडच्या गावात टोळी पकडली, सावध राहा, सगळ्यांना पाठवा.' दहा मिनिटांत अंगठे आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग मासेमारी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने लिहिले, "मी आत्ता त्याच गावच्या धक्क्यावर आहे. इथे काही नाही. तुला कुणी सांगितलं?" विचारलेल्याने उत्तर दिले, मेव्हण्याने. मेव्हण्याला विचारले, तर त्याला दुकानदाराने. दुकानदाराला कुणी, ते त्यालाच आठवेना. संदेश तिथेच निवला. या मुलाने दहावीनंतर शाळा सोडली होती, हेही नमूद करतो.

पहिली-दुसरीच्या मुलांना आपण भित्र्या सशाची गोष्ट सांगतो. आभाळ पडले म्हणून ससा पळतो, त्याच्यामागे सगळे रान पळते. ही गोष्ट जातककथांत आहे, म्हणजे दोन हजार वर्षांची तरी जुनी. आपल्याला सशाचा भित्रेपणा लक्षात राहतो आणि पुढचा भाग आपण घाईत उरकतो. जातकात सिंह त्या पळणाऱ्यांना थांबवतो आणि एकेकाला विचारत जातो, तू पाहिलेस का? तुला कुणी सांगितले? असे विचारत विचारत तो सशापर्यंत येतो आणि मग सशाला घेऊन त्या झाडापाशी जातो. तिथे एक फळ पडलेले असते. इतकेच. सिंह कुणाला मूर्ख म्हणत नाही. तो उगमापर्यंत चालत जातो.

बिहारमध्ये अलीकडे जो मोठा प्रयोग झाला तो मला या सिंहाच्या जातीचा वाटतो. तासाभराचा उपदेश फुकट गेला म्हणून बद्रीनाथन आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. त्यांनी राज्य सरकारच्या मदतीने पाचशेहून अधिक खेड्यांतल्या साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांबरोबर काम केले. या वेळी भाषण नव्हते. गावातल्या ग्रंथालयात वर्ग भरवले, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा भरवले, मुलांना गृहपाठ दिला. मुले खरे-खोटे ओळखण्यात सुधारली आणि काही महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांनी वर्गाचे तोंडही पाहिले नव्हते त्या त्यांच्या आईवडिलांतही फरक दिसला. म्हणजे मुले घरी गेली आणि त्यांनी विचारले असणार, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना असा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानतात. गटात काकांनी काही पाठवले की पुतणे गप्प बसतात, हा आपला संस्कार. मी स्वतः आता काकांच्या, खरे तर आजोबांच्या वयाचा आहे, म्हणून मला सांगण्याचा अधिकार आहे असे समजतो. मुलांनो, विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, नातवाने विचारले तर रागावू नका. आपण मास्तरांनी, पालकांनी आयुष्यभर त्यांना 'उत्तर कसे काढलेस ते दाखव' असेच तर सांगितले ना?

पाच जण भिक्षा मागायला गेले होते. त्यांच्याविषयीचा तो संदेश किती हातांतून गेला असेल, कोण जाणे. त्यातल्या एकाही हाताने मध्ये थांबून तीन शब्द लिहिले असते तर राईनपाडा टळला असता, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मालेगावात माणसे उभी राहिली आणि पाच जीव वाचले, एवढे मात्र घडलेले आहे. तेव्हा पुढचा संदेश येईल त्या वेळी उभे राहायची पाळी आपली असेल. बघा पटते का.